"हे पुढे किती वेगाने जाईल?" : डिमेन्शियाच्या जैवसूचक चाचण्या घरच्यांनी कशा वाचायच्या

डॉक्टरांच्या खोलीतून उठताना घरची माणसं एकच प्रश्न विचारतात, तोही बहुतेक वेळा दाराशी पोचल्यावर: "हे पुढे किती वेगाने जाईल?" आईच्या वेळी मीही तोच विचारला होता. उत्तर मिळालं, "प्रत्येकाचं वेगळं असतं." ते खोटं नव्हतं. पण तेवढ्या वाक्यावर मला नोकरीतली रजा ठरवता आली नाही, की आई-बाबांना दुसऱ्या मजल्यावरून खाली हलवायचं का, हेही ठरवता आलं नाही.

तेव्हाच्या मानाने आज हातात बरंच काही आहे. मेंदूत अल्झायमरची, म्हणजे डिमेन्शियाच्या सगळ्यांत नेहमीच्या कारणाची, प्रक्रिया चालू आहे का, याचा अंदाज रक्ताच्या एका नळीतून येतो. पुण्यात दर महिन्याला आम्ही काळजीवाहक भेटतो, तिथे आता लोक जाड फायली घेऊन येतात. "पी-टाऊ हाय आलंय, म्हणजे किती वर्षं?" हा प्रश्न ऐकला की माझ्या पोटात अजूनही कालवतं. (पी-टाऊ हे रक्तात मोजतात ते एक प्रथिन. त्याबद्दल पाचव्या पायरीत.) मी डॉक्टर नाही. शाळेत विज्ञान शिकवलं आणि आठ वर्षं आईला सांभाळलं. उपचार तुमच्या न्यूरॉलॉजिस्टनीच ठरवायचे. त्यांच्यासमोर काय घेऊन बसायचं आणि काय विचारायचं, एवढंच इथे सांगते.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. चाचण्यांना आपण तीन वेगवेगळे प्रश्न विचारत असतो: आजार कोणता, तो कुठवर पोचलाय आणि त्याचा वेग किती. बहुतेक जैवसूचक, म्हणजे बायोमार्कर, पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतात. मोजके दुसऱ्याचं देतात. वेग मात्र एकदाच मोजून नक्की कळत नाही. गाडीचा फोटो बघून ती किती वेगात होती हे सांगता येत नाही, तसंच हे. त्यासाठी अंतर ठेवून निदान दोन मोजमापं लागतात.

पहिली पायरी: चाचणीआधी माणसाला विचारा

आपल्याकडे पहिलं वाक्य असतं, "आईला काही सांगू नका हं, ती खचेल." मीही हेच करत होते. एमआरआयला नेताना "मानेचा फोटो काढायचाय" असं सांगितलं. ती रिक्षात गप्प बसली आणि सिग्नलला म्हणाली, "अगं, मला अजून थोडं कळतंय. तेवढ्यात सांग ना." त्या दिवसानंतर मी तिच्यापासून काही लपवलं नाही.

सुरुवातीच्या टप्प्यात बहुतेकांना आपलं आपल्याला कळत असतं. चाचणी करायची का, निकाल ऐकायचा का, कोणाला सांगायचा, हा त्यांचा निर्णय आहे आणि तो घेण्याची त्यांची ताकद दिवसेंदिवस कमी होत जाणार आहे. म्हणून कागदावर दोन ओळी लिहा: निकाल "आहे" आला तर आपण काय वेगळं करणार? "नाही" आला तर काय? दोन्हींचं उत्तर "काहीच नाही" असेल, तर महागडी चाचणी आज करू नका.

आणि काहीच तक्रार नसलेल्या माणसाने केवळ धास्तीपोटी ही रक्तचाचणी करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मेंदूत अमायलॉइड, म्हणजे अल्झायमरमध्ये साठणारं प्रथिन, असूनही आयुष्यभर ठणठणीत राहणारी माणसं पुष्कळ आहेत. २०१५ साली अनेक देशांतल्या अभ्यासांची माहिती एकत्र करून मांडलेला हिशेब सांगतो की स्मरणशक्ती उत्तम असलेल्यांपैकी पन्नाशीत सुमारे १० टक्के आणि नव्वदीत सुमारे ४४ टक्के लोकांच्या मेंदूत अमायलॉइड सापडतं.

दुसरी पायरी: बरी होणारी कारणं आधी संपवा

इथे घाई नको आणि आळसही नको. व्हिटॅमिन बी-१२, थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर, सोडियम, क्रिएटिनिन, यकृताची तपासणी. बी-१२ ची कमतरता शाकाहारी घरांत तर हमखास बघावी. औषधांची पिशवी जशीच्या तशी डॉक्टरांसमोर उपडी करा: झोपेच्या गोळ्या, अंगाला खाज सुटते म्हणून घेतलेल्या, वारंवार लघवीसाठीच्या. यातल्या काही गोळ्या स्वतःच विसराळूपणा वाढवतात. ऐकू कमी येतंय का, हे तपासा. नैराश्य आहे का, हे विचारा. डोक्याला मार लागून कवटीखाली रक्त साचलेलं नाही ना, हे स्कॅनमध्ये कळतं.

क्रिएटिनिनचा आकडा जपून ठेवा. पुढे लागणार आहे.

तिसरी पायरी: आजची रेघ मारून ठेवा

आई दुधाचे खाडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडायची. दूध आलं नाही त्या तारखेला फुली, पाहुणे आले म्हणून जास्त घेतलं तर तारखेच्या कोपऱ्यात आकडा, महिनाअखेरीस खाली बेरीज. निदान झालं २०१६ साली. ती गेल्यावर माळा आवरताना जुनी कॅलेंडरं सापडली आणि मी जमिनीवर मांडी घालून एकेक पान उलटत बसले. २०११ ची पानं स्वच्छ. २०१३ मध्ये एकाच तारखेला दोन फुल्या, एक निळ्या शाईची, एक काळ्या. २०१४ च्या दिवाळीनंतर बेरजा चुकलेल्या, खोडून परत केलेल्या. २०१५ च्या श्रावणापासून पानं कोरी. आम्ही म्हणत होतो, "हल्ली हिचं लक्ष नसतं."

अल्झायमरमध्ये अमायलॉइड साठायला लक्षणांच्या १५-२० वर्षं आधी सुरुवात होते. तेव्हा ही घरगुती खूणसुद्धा उशिराचीच म्हणायची. तरी कुठल्याही स्कॅनइतकी ती खरी होती, कारण ती तिच्या स्वतःच्या कालच्याशी ताडून पाहता येत होती.

म्हणून आज दोन गोष्टी करा. एक, दवाखान्यात मोका किंवा एमएमएसई यांपैकी एक स्मरणचाचणी करून घ्या. दोन्ही ३० गुणांच्या असतात. माणूस कितवी शिकला आणि कोणत्या भाषेत विचार करतो, यावर गुण हलतात. चौथी शिकलेल्या आजीचे २१ आणि निवृत्त मुख्याध्यापकांचे २१ हे एकच नव्हेत. मराठीतून विचारणारं कोणी मिळालं तर तिथेच जा आणि पुढच्या वेळीही तीच चाचणी, त्याच भाषेत करा.

दुसरी गोष्ट घरची. एक वही घ्या. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याच पाच गोष्टी लिहा: पैशांचा हिशेब, औषधं आठवणीने घेणं, रोजचा स्वयंपाक किंवा नेहमीचं काम, ओळखीच्या रस्त्याने एकट्याने जाऊन येणं, अंघोळ आणि कपडे. प्रत्येकापुढे फक्त "स्वतः", "आठवण केल्यावर" किंवा "मदत लागते" एवढंच. मत नको, भावना नको. सहा महिन्यांनी हीच वही वेग सांगेल.

चौथी पायरी: एमआरआय

एमआरआय लिहून देतानाच डॉक्टरांना विचारा: हिप्पोकॅम्पसचे 'कोरोनल', म्हणजे कपाळाला समांतर उभे, छेद घेणार का आणि रिपोर्टमध्ये 'एमटीए' श्रेणी लिहिणार का? हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा नव्या आठवणी रुजवणारा भाग आणि एमटीए म्हणजे तो किती आक्रसला, याची ० ते ४ अशी नजरेने लावलेली श्रेणी. साधारणपणे पंचाहत्तरीच्या आत २ आणि पुढे ३ किंवा जास्त आली तर ती वयाच्या मानाने जास्त समजतात. "वयोमानानुसार झीज" एवढंच वाक्य असलेला रिपोर्ट तुमच्या फारसा कामाचा नाही.

दुसरी श्रेणी 'फाझेकास', ० ते ३. ती लहान रक्तवाहिन्यांचं नुकसान दाखवते. आपल्याकडे रक्तदाब आणि मधुमेह घरोघरी, त्यामुळे अल्झायमर आणि रक्तवाहिन्यांचा आजार हातात हात घालून चालताना फार दिसतात. ही श्रेणी जास्त असेल तर रक्तदाब आटोक्यात आणण्याने पुढचा उतार थोडा तरी आपल्या हातात राहतो. एमटीएवर असं औषध नाही.

पाचवी पायरी: रक्तातलं पी-टाऊ २१७

आज सगळे बोलतात ते हे. मेंदूत अमायलॉइड साठू लागलं की टाऊ या प्रथिनाचा एक विशिष्ट प्रकार रक्तात वाढतो. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, पी-टाऊ २१७ आणि अमायलॉइड ४२ यांचं गुणोत्तर मोजणाऱ्या रक्तचाचणीला पहिल्यांदा परवानगी दिली, तीही ५५ वर्षांपुढच्या आणि लक्षणं असलेल्या लोकांसाठीच. त्यासाठी ४९९ जणांची तपासणी झाली होती. चाचणी "आहे" म्हणाली त्यांपैकी ९१.७ टक्क्यांत अमायलॉइड खरोखर होतं. "नाही" म्हणाली त्यांपैकी ९७.३ टक्क्यांत नव्हतं. पण पाचातल्या जवळजवळ एकाचा निकाल मधल्या धूसर पट्ट्यात पडला.

स्वीडनमध्ये १,२१३ रुग्णांवर झालेला अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या तपासणीवरून अल्झायमर ओळखण्यात साध्या दवाखान्यातल्या डॉक्टरांचं निदान ६१ टक्के बरोबर निघालं, तज्ज्ञांचं ७३ टक्के आणि रक्तचाचणीचं सुमारे ९१ टक्के. आईच्या निदानाला लागलेली दोन वर्षं आठवून तो आकडा मी परत परत वाचला होता.

रिपोर्ट हातात आल्यावर या क्रमाने बघा:

कोणतं तंत्र आणि कोणती प्रयोगशाळा. एका ठिकाणचा आकडा दुसऱ्या ठिकाणच्या आकड्याशी ताडू नका. पुन्हा करायची वेळ आली तर तिथेच करा.

मूत्रपिंड. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर पी-टाऊही वर जातं, मेंदूत काही नसताना. म्हणूनच तो आकडा जपून ठेवायला सांगितलं. खूप लठ्ठपणा असेल तर उलट, आकडा खरा आहे त्याहून कमी दिसू शकतो.

किती रेघा आहेत. चांगल्या रिपोर्टात दोन सीमा असतात: एकीच्या खाली "नाही", दुसरीच्या वर "आहे". मध्ये पडलात तर त्याचा अर्थ "थोडासा आजार" असा नाही. त्याचा अर्थ "या चाचणीला सांगता येत नाही". मग सहावी पायरी, किंवा वर्षभराने पुन्हा.

आणि "हाय" म्हणजे किती वर्षं? या एका आकड्यातून वर्षं निघत नाहीत. सौम्य विसराळूपणा असलेल्यांपैकी, ज्याला डॉक्टर एमसीआय म्हणतात, स्मृतिदवाखान्यांत येणाऱ्यांतले साधारण १० ते १५ टक्के दरवर्षी डिमेन्शियात जातात. काही पुन्हा नॉर्मलला येतात. पी-टाऊ वाढलेलं असेल तर तो माणूस पुढे सरकणाऱ्या गटात असण्याची शक्यता बरीच जास्त. गटाबद्दल एवढं सांगता येतं, तुमच्या वडिलांबद्दल तारीख नाही.

सहावी पायरी: मणक्यातलं पाणी किंवा पेट स्कॅन

निकाल धूसर असेल, वय कमी असेल किंवा नवी औषधं सुरू करायची असतील, तरच इथवर या. कमरेतून सुईने काढलेल्या पाण्यात अमायलॉइड ४२ आणि ४० यांचं गुणोत्तर घसरलेलं आणि पी-टाऊ वाढलेलं असेल तर अल्झायमरचा पुरावा भक्कम होतो. आपल्याकडे या सुईची भीती फार. "पाणी काढलं की माणूस पांगळा होतो" हे मी गटात कितीदा ऐकलंय. सुई जिथे घालतात त्याच्या वरच मज्जारज्जू संपलेला असतो. नेहमीचा त्रास म्हणजे एक-दोन दिवस डोकेदुखी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर मात्र आधी सांगायलाच हवं.

पेट स्कॅनचे तीन प्रकार आहेत आणि घरच्यांची गल्लत इथेच होते. एफडीजी पेट मेंदूचा कोणता भाग साखर कमी वापरतो ते दाखवतो. कॅन्सरसाठी होतो तोच, त्यामुळे मोठ्या शहरांत मिळतो. अमायलॉइड पेट अमायलॉइड दाखवतो. टाऊ पेट टाऊ कुठवर पसरलं ते दाखवतो आणि तो आपल्याकडे अजून सहज मिळत नाही. पेटसाठी टोचायची किरणोत्सारी द्रव्यं, म्हणजे ट्रेसर, सायक्लोट्रॉन या यंत्रात बनतात. परळला २००२ साली देशातलं पहिलं वैद्यकीय सायक्लोट्रॉन सुरू झालं, तेव्हापासून भारतात पेटची सोय वाढत गेली. तरी प्रत्येक ट्रेसर सगळीकडे पोचत नाही: कार्बन-११ दर वीस मिनिटांनी निम्मं होतं, फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी. "पेट स्कॅन करा" असं लिहून दिलं तर "कोणता?" एवढा एक शब्द नक्की विचारा.

अमायलॉइड पेटवरून वेग कळेल, या आशेने तो करू नका. लक्षणं दिसू लागेपर्यंत अमायलॉइडचं साठणं बरंचसं होऊन गेलेलं असतं. नंतर उतार चालतो तो टाऊच्या मागोमाग.

सातवी पायरी: वेगाच्या खुणा

वेगाबद्दल काही सांगू शकणाऱ्या गोष्टी चार.

टाऊ पेट, मिळाला तर. टाऊ जिथे पसरलेलं दिसतं तिथेच पुढे मेंदू आक्रसतो आणि त्याप्रमाणे लक्षणं येतात.

न्यूरोफिलामेंट लाइट, म्हणजे एनएफएल. हे मज्जातंतूंच्या तुटण्याचं माप, रक्तातच मोजता येतं. कोणत्या आजाराने तुटतायत हे ते सांगत नाही: पक्षाघात, डोक्याचा मार, मधुमेहाने पायाच्या नसांना झालेला त्रास, सगळ्यांत वाढतं, आणि वयाप्रमाणेही वाढतं. पण वागणं बदललेल्या पन्नाशीतल्या माणसाला फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया आहे की मानसिक आजार, या पेचात ते मोलाचं ठरतं. पहिल्यात ते बहुधा खूप वाढलेलं असतं, दुसऱ्यात सहसा नाही.

दुसरा एमआरआय, वर्ष-दीड वर्षाने, शक्यतो त्याच यंत्रावर. हिप्पोकॅम्पस अल्झायमरमध्ये वर्षाला सरासरी साडेचार टक्क्यांच्या आसपास आक्रसतो, त्याच वयाच्या निरोगी माणसात सुमारे दीड टक्का.

आणि तुमची वही. अल्झायमरमध्ये एमएमएसईचे गुण वर्षाला सरासरी तीनच्या आसपास उतरतात, पण कोणाचा एक, कोणाचा सहा. गेल्या वर्षाचा तुमच्या माणसाचा उतार हाच पुढच्या वर्षाचा सगळ्यांत जवळचा अंदाज.

इथे एक धोक्याची घंटा. उतार महिन्यांत होतो, दिवसांत नाही. दोन-चार दिवसांत माणूस एकदम बिथरला, रात्रभर जागू लागला, ओळखेनासा झाला, तर तो आजार पुढे सरकलाय असं धरून बसू नका. लघवीचा संसर्ग, सोडियम घसरणं, बद्धकोष्ठता, नवी गोळी, न्यूमोनिया, यांतलं काही तरी बहुधा असतं. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आठवी पायरी: सगळं एकत्र मांडा

समजा, ६८ वर्षांच्या बाई. मोका २२, पी-टाऊ वाढलेलं, एमटीए ३, वर्षभरात हिशेब "स्वतः"वरून "मदत लागते"वर. चारही खुणा एकाच दिशेला. पुढच्या दोन-तीन वर्षांत डिमेन्शियाची तयारी ठेवावी आणि औषधांचं आत्ताच बोलावं.

समजा, ८२ वर्षांचे आजोबा. पी-टाऊ वाढलेलं, पण क्रिएटिनिनही वाढलेलं. एमटीए २, फाझेकास ३, वहीत सहा महिने काहीच हललेलं नाही. इथे अल्झायमर असला तरी मुख्य आरोपी रक्तवाहिन्या असू शकतात. रक्तदाब, साखर, चालणं, कानाचं यंत्र यांवर जोर द्या, वर्षाने परत बघा.

समजा, पी-टाऊ नॉर्मल, पण खोलीत लहान मुलं दिसतात, झोपेत हातपाय झाडतात, चाल मंदावलीये. अल्झायमर नाही म्हणून सुटलो असं समजू नका. लेवी बॉडी डिमेन्शियाचा विचार करायला सांगा. त्यात मन शांत करण्यासाठी देतात ती काही औषधं फार घातक ठरतात, म्हणून हे निदान चुकवू नये.

जनुकाची चाचणी वेगळी ठेवा

एपीओई ई४ या जनुकप्रकाराची एक प्रत असली तर अल्झायमरचा धोका साधारण तिप्पट, दोन असल्या तर ८ ते १२ पट. आजार सुरू झाल्यावर तो किती वेगाने जाईल, याचं हे जनुक चांगलं भाकीत करत नाही. शिवाय हा निकाल एकट्या आईचा नसतो, तो तुमचा आणि तुमच्या भावंडांचाही असतो. लेकॅनेमॅबसारखं, मेंदूतलं अमायलॉइड काढणारं, औषध घ्यायचं असेल तेव्हा मात्र ही चाचणी आधी करावी, कारण ई४ असलेल्यांत मेंदूला सूज येण्याचा आणि बारीक रक्तस्राव होण्याचा धोका जास्त. त्या औषधाने १,७९५ जणांच्या चाचणीत १८ महिन्यांत उतार २७ टक्के मंदावला. थांबवला नाही, गेलेलं परत आणलं नाही, आणि सुरुवातीच्या टप्प्यातच उपयोग. घरच्यांनी हे चारही तुकडे एकत्र ऐकावेत.

नववी पायरी: निकालाचं कागदात रूपांतर करा

अंदाज "दोन-तीन वर्षं" असा असेल तर कागदपत्रं पुढच्या तीन महिन्यांत. आपल्या कायद्यात कुलमुखत्यारपत्र देणाऱ्याची मती गेली की ते संपतं. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २०१ तसं सांगतं. पुष्कळ घरं या कागदाच्या भरवशावर राहतात आणि अडतात. म्हणून बँक खाती संयुक्त करा, नामनिर्देशन तपासा, मृत्युपत्र मनाने सक्षम असताना आणि त्या दिवशीच्या डॉक्टरी दाखल्यासह करा. व्हेंटिलेटर, नळीतून अन्न याबद्दलची इच्छा लिहून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो हक्क मान्य केला आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४५६७ आहे.

चाचण्या कधी थांबवायच्या

अंघोळीला मदत लागू लागली, घरातल्यांची नावं अदलाबदल होऊ लागली की रक्तातल्या आणि स्कॅनमधल्या खुणांचं काम बहुतेक संपलं. त्यानंतर एमआरआयच्या बोगद्यात घाबरलेल्या माणसाला धरून ठेवण्यात अर्थ नाही. आम्ही आईची शेवटची साडेतीन वर्षं एकही स्कॅन केला नाही. वही मात्र चालू होती, तिचे रकाने बदलले: महिन्याचं वजन, ठसका लागल्याचे दिवस, ताप, पाठीवरची लाल जागा, रात्रीची झोप. ४९ किलोवरून ४३ वर आली त्या महिन्यात आम्ही घट्ट पेज सुरू केली, उशी उंच केली, आणि प्रत्येक चमच्यानंतर ती गिळेपर्यंत थांबायला शिकलो. पुढे किती दिवस आहेत हे त्या पाच रकान्यांनी जितकं नीट सांगितलं, तितकं त्याआधीच्या एकाही रिपोर्टने सांगितलं नव्हतं.